खापरांनी दाखवलेली वाट

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीच्या विहारातील रविवारच्या वर्गाची मुले घेऊन आम्ही कार्ल्याची लेणी पाहायला गेलो होतो. पहाटेची गाडी पकडून लोणावळा, तिथून लोकलने मळवली आणि पुढे पायी. प्रत्येकाच्या पिशवीत चपाती-भाजीचा डबा. डोंगर चढून, एकवीरेच्या देवळापुढची गर्दी ओलांडून चैत्यगृहात पाऊल टाकले आणि इतका वेळ कलकलाट करणारी पोरे आपोआप गप्प झाली. त्रिसरण-पंचशील झाले. मग आम्ही हातातल्या पुस्तिकेवरून कोणत्या लेखात काय कोरले आहे ते मुलांना वाचून दाखवू लागलो. दरवाजाचे काम धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे. दुसरे एक दान त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तर विकणाऱ्याचे. आणि कितीतरी खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले.

सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "काका, यवन म्हणजे कोण? आणि ते इथे कुठल्या रस्त्याने आले?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणाही परक्याला आपल्याकडे यवन म्हणू लागले. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्याचे नाव दिले तो राजा मिलिंद यवनच होता. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारता विचारता तो धम्माजवळ आला. मुलांना हे आवडले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही "समुद्रातून आले" असे म्हणून वेळ मारून नेली. ती मुलगी काही ऐकेना. "समुद्रात येण्याआधी कुठून आले?"

त्या प्रश्नाने आम्हाला घरी आल्यावरही स्वस्थ बसू दिले नाही. कचेरी सुटल्यावर ग्रंथालयात जाऊन मिळेल ते वाचले. काही जाणकारांना विचारले. तेव्हा समजले की समुद्राच्या त्या टोकाला खरोखरच एक रस्ता होता. तो रोमन साम्राज्याचा होता, आणि तो शोधून काढला गेला तो राजांच्या बखरींतून नव्हे, तर फुटक्या खापरांवरून, बुजलेल्या विहिरींवरून आणि उकिरड्यातल्या चिठ्ठ्यांवरून. आणि त्या रस्त्याच्या शेवटच्या गावात २०२२ साली तथागतांची मूर्ती सापडली. ही हकिगत आपल्या घरोघरी कळावी म्हणून हा लेख.

फरसबंदी नसलेला रस्ता

रोमन रस्ता म्हटला की चित्रातला सरळसोट, दगडी फरसबंदीचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. युरोपात तसे रस्ते होते आणि काही आजही दिसतात. आपण बोलतो आहोत तो रस्ता मात्र इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटातला. इसवी सनापूर्वी ३० मध्ये रोमने इजिप्त घेतला. भारताकडे जाणारा व्यापारी माल भूमध्य समुद्रावरच्या अलेक्झांड्रिया बंदरातून होडीने नाईल नदीवरून वर कोप्टोस या गावी येई. आज त्या गावाला किफ्त म्हणतात. तिथे माल उंटांवर लादायचा आणि वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके बंदर गाठायचे. तिथून जहाजे मोसमी वाऱ्यावर भरूच, सोपारा, कल्याण आणि केरळातल्या मुझिरीसकडे निघत.

प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने कोप्टोस ते बेरेनिके हे अंतर २५७ रोमन मैल दिले आहे. रोमन मैल आपल्या मैलापेक्षा थोडा लहान. हिशेब केला तर सुमारे ३८० किलोमीटर होतात, म्हणजे साधारण मुंबई ते कोल्हापूर. पण वाटेत ना नदी ना झाड. या प्रवासाला बारा दिवस लागत. उन्हामुळे बहुतेक चाल रात्रीची, दिवसा मुक्काम. चालणार ते उंट आणि उंटामागून माणसे.

वाळवंटात फरसबंदी करण्याची गरज नव्हती. जमीन कडकच होती. फक्त वाटेतले दगडगोटे उचलून दोन्ही बाजूंना टाकायचे. त्यामुळे मधली पट्टी साफ होई आणि कडेला दगडांच्या रांगा उभ्या राहत. वाट चुकू नये म्हणून ठरावीक टापूत दगडांची लहान रास रचून खूण करत. टेकडीवर पहाऱ्याचे बुरूज. आणि एका रात्रीत गाठता येईल अशा अंतरावर एक एक चौकी. भोवती भिंत, आत विहीर, मूठभर शिपाई.

पुढे बेरेनिकेचे महत्त्व संपले, गाव ओस पडले आणि रस्ताही विसरला गेला. तरी दगडाच्या रांगा जागच्या जागी राहिल्या, कारण ज्या जमिनीत काही पिकत नाही, ती नांगरायला कोणी जात नाही. संशोधकांनी आधी जुन्या प्रवाशांची वर्णने वाचली आणि मग गाडीने, उंटावरून आणि पायी ती वाट पुन्हा चालून काढली. जिथे दगडांची रास दिसेल तिथे थांबायचे. जिथे भिंतीचा चौकोन दिसेल तिथे मध्ये खड्डा आहे का बघायचे. खड्डा म्हणजे बुजलेली विहीर. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जमिनीवर विखुरलेली खापरे मोजायची. मडक्याची कड, कान, बुड यांचे आकार काळानुसार बदलत जातात. आपल्या आजीच्या घरातला पितळी तांब्या आणि आजचा स्टीलचा तांब्या पाहून जसा काळ सांगता येतो, तसेच हे. म्हणून एका खापरावरून नाही, पण शंभर खापरांवरून चौकी कधी चालू होती ते सांगता येते.

या वाटेवरच्या डिडिमोई नावाच्या चौकीचे उत्खनन फ्रेंच संशोधकांनी केले. तिथल्या कोरीव लेखावरून ती इ.स. ७६-७७ च्या सुमारास उभारली गेल्याचे कळते. तिथल्या कचऱ्यात शिपायांनी खापरावर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली आहेत. त्या काळी कागद नव्हता, लव्हाळ्यापासून बनणारा पपायरस महाग होता. म्हणून फुटके मडके हीच गरिबांची वही.

दासाने कोरलेले नाव

वाटेत मेनिह नावाच्या कोरड्या ओढ्याच्या काठी एक कपार आहे. दुपारच्या उन्हात सावलीला बसायला प्रवासी तिथे थांबत आणि आपल्याकडे गडावर पोरे नावे कोरतात तशी नावे कोरत. मात्र आज तीच नावे पुरावा झाली आहेत.

त्यातला एक जण गायस नुमिडियस इरॉस. भारतातून परतताना आपण इथे आलो होतो असे त्याने कोरून ठेवले आहे. साल इसवी सनापूर्वी २. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्याच किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी बंदरातून परतत होता. दुसरा लिसास. तो अॅनियस प्लोकामस नावाच्या रोमन धनिकाचा दास होता. इ.स. ६ मधल्या जुलै महिन्यात तो त्या कपारीत आला आणि त्याने आपले नाव लॅटिन आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत कोरले.

वाचकहो, आम्ही या लिसासपाशी बराच वेळ थांबलो. दास म्हणजे मालकाची वस्तू. त्याला विकता येई, मारता येई. रोमच्या वैभवाच्या कथा सांगताना ते वैभव कोणाच्या पाठीवर उभे होते हे सांगायला लोक विसरतात. पण या दासाला लिहिता येत होते, तेही दोन भाषांत! ज्यांना शतकानुशतके अक्षराला हात लावू दिला गेला नाही, त्या आपल्या लोकांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नाही. आपले नाव आपल्या हाताने लिहिणे म्हणजे काय, हे ज्या पिढीने अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही केली तिला विचारावे.

दरपत्रक, पावत्या आणि गेटपास

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटापाण्याने कारकून. त्यामुळे पुढची गोष्ट वाचताना आम्हाला फारच आपलेपणा वाटला. १८८३ साली कोप्टोसला एक कोरीव शिळा मिळाली. ती इ.स. ९० मधली आहे. त्या शिळेवर वाळवंटाच्या रस्त्याने जाणाऱ्यांकडून किती कर घ्यायचा त्याचे दर कोरले आहेत. सरळ भाषेत टोलनाक्याचा फलक.

खलाशाला ५ द्राख्मा. कारागिराला ८. शिपायांच्या बायकांना २०. आणि शरीरविक्रयासाठी नेल्या जाणाऱ्या बाईमागे १०८ द्राख्मा. जहाजाच्या डोलकाठीला वेगळा दर. इतकेच काय, रस्त्याने जाणाऱ्या प्रेतयात्रेलाही कर!

यातला १०८ चा आकडा आमच्या डोळ्यांपुढून हलेना. याच वाळवंटात मॉन्स क्लॉडियानस नावाची रोमन बादशहांची दगडाची खाण होती. तिथेही खापरावर लिहिलेले हजारो मजकूर मिळाले आहेत. त्यांवरून दिसते की नंतरच्या शतकात तिथल्या स्वतंत्र कुशल कामगाराला महिन्याला ४७ द्राख्मा आणि वर धान्य मिळे. म्हणजे एका बाईला या रस्त्याने नेण्याचा कर कामगाराच्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त. तो कर तिच्याच अंगावरून वसूल होणार होता हे सांगायला नको. तिचे नाव शिळेवर नाही. फक्त तिचा दर आहे. रस्ते संस्कृती आणतात, तसे शोषणही त्याच रस्त्याने येते, हे आपण विसरता कामा नये.

दुसरा पुरावा निकानोर नावाच्या वाहतूकदाराच्या कुटुंबाचा. याचे उंट कोप्टोसहून समुद्रकाठच्या बंदरांना गहू, वाईन आणि इतर माल पोचवत. माल पोचला की घेणाऱ्याने खापरावर पावती लिहून द्यायची. अशा सुमारे नव्वद पावत्या आज उपलब्ध आहेत. त्या इ.स.च्या पहिल्या शतकातल्या साठेक वर्षांच्या आहेत. तारीख, माल, नग, घेणाऱ्याचे नाव. आमच्या कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीत याहून निराळे काय असते?

तिसरा पुरावा तर चक्क बेरेनिकेच्या उकिरड्यातला. तिथे खापरावरच्या गेटपासचा ढीगच निघाला. अमक्याला इतके वाईनचे रांजण घेऊन जाऊ द्यावे, असा हुकूम नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या नावाने लिहिलेला. जहाज निघून गेले की चिठ्ठीचे काम संपले, म्हणून ती कचऱ्यात. ज्या कारकुनाने ती लिहिली त्याला स्वप्नातही वाटले नसेल की दोन हजार वर्षांनी बादशहांच्या पुतळ्यांइतकीच माणसे आपल्या चिठ्ठीला जपतील.

बेरेनिके गाव

बेरेनिके वसवले ते दुसऱ्या टॉलेमी राजाने, इसवी सनापूर्वी २७५ च्या सुमारास. हे नाव लक्षात ठेवा, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धम्मविजय जिथवर पोचला असे म्हटले आहे, त्या पश्चिमेकडच्या राजांत 'तुरमय' असे एक नाव येते. हा तुरमय म्हणजेच हा टॉलेमी. आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला तो सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात. ज्या नालासोपाऱ्याहून आपली शेकडो माणसे रोज लोकलला लोंबकळत कामाला जातात, ते एकेकाळचे मोठे बंदर.

बेरेनिकेची जागा १८१८ साली बेलझोनी नावाच्या इटालियन प्रवाशाने ओळखली. शिस्तीने उत्खनन सुरू झाले ते १९९४ पासून, स्टीव्हन साइडबोथम आणि विलेके वेन्ड्रिख यांच्या नेतृत्वाखाली. पुढे त्यात पोलंडच्या संशोधकांची साथ मिळाली. वाळूने तिथे बरेच काही जपून ठेवले होते. एका देवळाच्या अंगणात जमिनीत पुरलेला भारतीय बनावटीचा रांजण निघाला. त्यात साडेसात किलोहून अधिक काळी मिरी. इमारतींत सागवानी लाकूड निघाले. साग तिकडे उगवत नाही. मोडलेल्या जहाजांचे लाकूड घराला वापरले असावे असा संशोधकांचा तर्क आहे. भारतातले मणी निघाले. एका खापरावर जुन्या तमिळ लिपीत कोणा कोर्रनचे नाव निघाले. गावाबाहेर पाळीव जनावरांची दफनभूमी निघाली, तीत मांजरे, कुत्री आणि भारतातून नेलेली माकडे! मुलांना हे वाचून दाखवले तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या माकडांना मिळाल्या.

आपल्या बाजूनेही या व्यापाराच्या खुणा आहेत. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण यांची नावे आहेत. तसेच पैठण आणि तगर यांचीही. भरूचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. या गावांतून अवघड वाटेने गाड्या भरूचला जात. पैठणहून गोमेदाचे दगड, तेरहून जाडेभरडे आणि तलम कापड. ते सूत कोणी कातले, कोणत्या वस्तीत माग चालत होते, हे त्या खलाशाने लिहिलेले नाही. पण बंदरात चढलेल्या प्रत्येक गठ्ठ्यामागे कोणाचे तरी बोट दुखले असेल.

तथागतांची मूर्ती

२०२२ च्या जानेवारीत बेरेनिकेच्या इसिस देवीच्या देवळाच्या पुढच्या अंगणात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. इजिप्त सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ही बातमी जाहीर केली. मूर्ती ७१ सेंटिमीटर उंच, उभी. डोक्यामागे सूर्यकिरणांचे प्रभामंडळ, बाजूला कमळ, डाव्या हातात चीवराचे टोक. उजवी बाजू आणि उजवा पाय भंगलेला. संगमरवर भूमध्य समुद्राकडचा आहे, बहुधा इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या खाणीतला. म्हणजे मूर्ती भारतातून नेलेली नाही. ती तिकडेच, तिकडच्या दगडात घडवलेली आहे. तज्ज्ञ तिचा काळ इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात.

त्याच देवळात एक संस्कृत लेख मिळाला. तो रोमन बादशहा फिलिप याच्या काळातला आहे. या बादशहाची कारकीर्द इ.स. २४४ ते २४९. वासुल नावाच्या माणसाने सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी मूर्ती दान दिली, असा त्याचा आशय. शब्द ओळखीचे वाटले ना? आपल्या लेण्यांतल्या दानलेखांत हीच भावना आहे. या वासुलाने स्वतःला क्षत्रिय म्हणवून घेतले आहे. समुद्रापार गेला, परक्या देवळात दान दिले, तरी वर्ण लिहायला काही विसरला नाही! कार्ल्याच्या सामीने मात्र सुतार म्हणून आपला कामधंदा लिहिला. आम्हाला सामी जवळचा वाटतो.

आणि तिथेच सातवाहनांची दोन नाणी मिळाली. ज्या सातवाहनांच्या राज्यात कार्ले, नाशिक आणि जुन्नरच्या कितीतरी लेण्यांना दाने मिळाली, त्यांची नाणी त्या वाळवंटी रस्त्याच्या टोकाला. आमच्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जणू तिथे वाळूत पडून होते.

किती म्हणावे, किती म्हणू नये

ही बातमी आली तेव्हा आपल्यातल्या काही उत्साही मंडळींनी "अवघा इजिप्त बौद्ध होता" असे सांगायला सुरुवात केली. आमच्या मोबाईलवरही तसे निरोप आले. बंधूंनो, असे करू नये. एका मूर्तीवरून एवढेच म्हणता येते की त्या बंदरात तथागतांना मानणारी माणसे होती, त्यांच्याजवळ मूर्ती घडवून घेण्याइतका पैसा होता, आणि परक्या देवीच्या देवळात त्यांना जागा मिळाली होती. हे काही थोडे नाही. शेजारच्याच्या देवळात आपल्या शास्त्याची मूर्ती ठेवता आली, ही गोष्ट आजच्या दिवसांत मोठीच म्हणायची.

तसेच कार्ल्याचे यवन रोमहूनच आले असे छातीठोकपणे सांगू नये. धेनुकाकटला राहून त्यांनी इथली नावे घेतली, इथला धम्म घेतला. काही पिढ्यांपूर्वी आलेले ग्रीकही ते असू शकतील. नाशिकच्या लेण्यांत इंद्राग्निदत्त नावाचा यवन आपण उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचे असल्याचे सांगतो. जुन्नरलाही यवनांचे दानलेख आहेत. या सगळ्यांची वाट एकच असेल असे नाही.

खापरांच्या बाबतीतही हीच काळजी. नेवासे, तेर, जुन्नर, घारापुरी इथे मिळालेली वाईनच्या रांजणांची खापरे पूर्वी सरसकट रोमन समजली जात. पुढे बारकाईने तपासल्यावर पश्चिम भारतातल्या अशा खापरांपैकी बरीच इराणी आखाताकडच्या रांजणांची निघाली. ज्यांनी आधी रोमन म्हटले होते, त्यांनी मत बदलले. यात कोणाची नाचक्की झाली नाही. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे कालाम सुत्तात तथागत सांगतात. मग आपल्याला आवडते म्हणून मानणे तरी कसे चालेल? ज्यांच्यावर हजार वर्षे खोटा इतिहास लादला गेला, त्यांनी तरी आपला इतिहास पक्क्या पुराव्यावर उभा करावा.

पिशवीतले खापर

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. कार्ल्याहून उतरताना वाटेच्या कडेला पावसाने धुपलेल्या मातीत त्याच मुलीला एक खापर दिसले. लालसर, बोटभर लांब, कडेला दोन रेघा. तिने ते उचलून आम्हाला दाखवले. आम्ही तिची पाठ थोपटली आणि "ठेव जपून" म्हणालो. तिने ते डब्याच्या पिशवीत टाकले. पुढे विहारात काचेच्या बरणीत ठेवून सगळ्यांना कौतुकाने दाखवले.

बेरेनिकेच्या रस्त्याबद्दल वाचल्यावर आमच्या लक्षात आले की आम्ही काय केले. ते खापर दोन हजार वर्षांचे असेल किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या गुराख्याच्या मडक्याचे असेल. पण ते कुठे पडले होते, किती खोल, त्याच्या शेजारी काय होते, यावरच त्याचे बोलणे अवलंबून. जागेवरून उचलले की खापर मुके होते. पुढच्या महिन्यात आम्ही मुलीला आणि तिच्या आईला घेऊन परत गेलो. ते जागच्या जागी ठेवावे असे मनात होते. पण मध्यंतरी वाटेची डागडुजी झाली होती, कडेची माती ओढली गेली होती. ती इकडे तिकडे फिरली. "काका, इथेच होते बहुतेक." मग म्हणाली, "नाही, त्या दगडाजवळ." शेवटी ती रडवेली झाली. चूक तिची नव्हती, आमची होती.

म्हणून आपल्या वाचकांना कळकळीची विनंती. आपली बहुतेक लेणी डोंगरात आहेत आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी आपल्याच वस्त्या आहेत. खडी काढणारे, पाया खणणारे, विहिरीचा गाळ उपसणारे हात आपल्याच भावांचे असतात. म्हणजे जुनी वस्तू निघाली तर ती पहिल्यांदा आपल्याच हातात येणार. तेव्हा एवढे करा. वस्तू उचलू नका, धुऊ नका, विकू तर मुळीच नका. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून मोबाईलने फोटो काढा. गावाचे नाव, गट नंबर आणि तारीख वहीत लिहा. मग तलाठी, तहसीलदार किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. कारकून म्हणून सांगतो, पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नका!

एकट्याने काय होणार, असे म्हणू नका. तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होते. परदेशी विद्यापीठाची पदवी नव्हती. गावच्या मातीत निघणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या, जपल्या. आज त्यांच्या नावाने तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथे हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. एका गावकऱ्याने वस्तू जपल्या म्हणून तेर आणि पाँपेई यांची गाठ आज डोळ्यांनी बघता येते. मुलांना सुट्टीत तेर अवश्य दाखवावे.

पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात थुंकीसाठी मडके अडकवले जात होते, हे बाबासाहेबांनी जगाला सांगितले. मडक्याचे तुकडे आपल्या लेखी अपमानाची खूण होते. आज तीच खापरे पुरावा होऊन बोलत आहेत. दासाने आपले नाव कसे लिहिले, उंटवाल्याने पावती कशी घेतली, सुताराने तथागतांच्या दारात दान कसे दिले आणि तथागत समुद्र ओलांडून किती दूर गेले, ते सांगत आहेत.

आमच्या विहारातली ती बरणी अजून तशीच आहे. त्यावर त्या मुलीने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे. 'कार्ले. जागा नक्की माहीत नाही. उचलायला नको होते.' येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला ती ही चिठ्ठी आधी वाचायला लावते, आणि मगच खापर दाखवते.

जय भीम.